बोनस एकदाच येतो : ठाकूरद्वारच्या घरातलं पट्ट्यांचं वाद्य



गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमानंतर एका श्रोत्या मैत्रिणीचा आम्हाला फोन आला. ठाकूरद्वार नाक्याजवळच्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. मुलगी नऊ वर्षांची. शाळेतल्या मैत्रिणीच्या नादाने ती पियानोच्या क्लासला जायला लागली आणि चक्क रमली. चार महिने झाले, तेव्हा क्लासच्या बाईंनी सांगितलं की घरी सरावाला वाद्य नसेल तर आता पुढे सरकणं कठीण आहे. मग घरात सभा भरली. मुलीचे बाबा म्हणाले, डिजिटल पियानो घेऊ, विजेवर चालतो, भिंतीला लागून राहतो. मामा म्हणाला, घ्यायचा तर तारांचा, लाकडाचा, खरा घ्या, नाहीतर घेऊच नका. सासूबाई म्हणाल्या, आपल्या घरात पेटी चालते, हे काय नवीन खूळ? आमची मैत्रीण आम्हाला म्हणाली, "ताई, बोनस एकदाच येतो. चुकलं तर पैसेही जातील आणि मुलीचं शिकणंही. तुम्ही जुन्या गोष्टी धुंडाळत असता, तर यातलं काही सांगा."

आम्ही तिघी काही संगीतातल्या जाणकार नव्हेत. भजनी मंडळात टाळ धरतो, एकीला पेटीवर चार भजनं येतात, एवढंच. पण शोधायला बसलो आणि लक्षात आलं की हा प्रश्न ठाकूरद्वारला पहिल्यांदा पडलेला नाही. गेली शंभर-सव्वाशे वर्षं गिरगावातल्या घरांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कुठलं ना कुठलं वाद्य येतंच आहे. आणि दर वेळी घरात हीच सभा भरते. खरं कुठलं, नक्कल कुठली, ठेवायचं कुठे आणि शेजारी काय म्हणतील.

पियानो मूळचा इटलीतला. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी नावाचा वाद्यं बनवणारा कारागीर होता. त्याच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड नावाच्या वाद्यात पट्टी दाबली की तार नखीने छेडल्यासारखी छेडली जाई. त्यामुळे पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच यायचा. क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास नखीच्या जागी छोटी हातोडी बसवली. हलकी दाबली तर हलका आवाज, जोर दिला तर मोठा. 'पियानो' आणि 'फोर्ते' म्हणजे हळू आणि जोरात. नाव पडलं ते त्यावरूनच. ही हातोडीची गोष्ट जरा लक्षात ठेवा, डिजिटलच्या वेळी ती परत येणार आहे.

मुंबईला पियानो आला तो बोटीतून, साहेबाच्या सामानात. आधी कोटातले बंगले, क्लब, चर्च. मग पारशी घरांत मुलींना पियानो शिकवणं हे चांगल्या घरचं लक्षण झालं. आणि तिसरे आपले गोवेकर शेजारी. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने चिराबाजारातून चालत निघालं, तर पंधरा मिनिटांत धोबीतलाव येतो. या पट्ट्यात गोव्यातल्या एकेका गावाचे 'कूड' असत. बोटीवर नोकरीला जाणारे, नोकरी शोधायला आलेले आणि बँडमध्ये वाजवणारे गोवेकर तिथे एकेक ट्रंक घेऊन उतरायचे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्यामुळे कागदावरचं संगीत बघून वाजवू शकणारी माणसं मुंबईला मिळाली ती त्यांच्यातूनच. पुढे हॉटेलांमधले बँड आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांच्या जिवावर उभे राहिले. त्यात बाईमाणूस विरळाच, पण लुसिला पाशेको या गोवेकर बाई सिनेमाच्या वाद्यवृंदात पियानो वाजवत. १९४९ च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसून गातो, ते आपल्या आया-आज्यांना पाठ आहे. मात्र पडद्यावरचा नट पट्ट्यांवर बोटं फिरवायचा तेव्हा खरं वाजवणारं माणूस कुठेतरी आडच असायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

धोबीतलावाच्या कोपऱ्यावर फुर्ताडो हे नाव १८६५ पासून वाद्यांशी जोडलेलं आहे. म्हणजे पियानो ठाकूरद्वारपासून हाकेच्या अंतरावर विकायला होता. तरी आपल्या वाड्यांमध्ये तो का शिरला नाही?

आम्ही वाडीतल्या एका आजींना हे विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जिना बघितलास का बाई?" जिना तर आहेच. उभा, लाकडी, मध्ये वळण, एका वेळी एकच माणूस चढेल असा. भिंतीला लावायचा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या पुढे भरतो. आत सुमारे २३० तारा असतात आणि त्या सगळ्या मिळून सतराअठरा टनांच्या ओढीने ताणलेल्या असतात. ती ओढ सोसायला आत बिडाची चौकट लागते, वजन आहे ते तिचं. मग खोली. चाळीतली खोली दहा बाय बाराची, त्यात सात माणसं. रात्री गाद्या कुठे घालणार? मग आपली हवा. जुलैत आपल्याकडे भिंतींना ओल येते, तिथे लाकडाचं आणि सरसाचं काय होणार? इंग्रज कारखानदारांना हे ठाऊक होतं. हिंदुस्थानात पाठवायचे पियानो ते वेगळे बनवत. सांधे नुसते चिकटवलेले नसत, तर त्यांना स्क्रू मारलेले असत. तरीसुद्धा तारा उतरायच्याच, आणि त्या लावायला माणूस बोलवावा लागायचा.

आणि आणखी एक कारण होतं. आपलं गाणं जमिनीवर मांडी घालून बसून होतं. पियानोला स्टुलावर बसावं लागतं, आणि ज्याच्याकडे पाठ येईल तो म्हातारा माणूस रागावतो. हे आमचं मत, पुस्तकात कुठे नाही.

पियानो अडला तिथून पेटी आत आली. आज पेटी म्हणजे अगदी आपली, कीर्तनातली, भजनातली, घरच्या गणपतीतली. पण तिचं मूळ पॅरिसचं. अलेक्झांड्र देबँ नावाच्या माणसाने १८४० च्या सुमारास हार्मोनियम बनवलं. चर्चमधल्या मोठ्या नळ्यांच्या ऑर्गनची ज्यांना ऐपत नाही त्यांच्यासाठी स्वस्त पर्याय, असा तिचा जन्म. म्हणजे ती खऱ्या वाद्याची गरिबाघरची नक्कलच होती. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. मिशनऱ्यांबरोबर ही पायपेटी हिंदुस्थानात आली आणि १८८० च्या दशकात कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या दुकानाने तिचे पाय काढून टाकले. भाता मागे बसवला. एका हाताने भाता, एका हाताने पट्ट्या. उचलली आणि निघालो. दुसरा हात गेला म्हणजे वाद्य निम्मं झालं, असं एखादा युरोपियन म्हणाला असता. पण आपल्या गाण्याला एका वेळी एकच सूर लागतो. तो निम्मा भाग आपल्याला नकोच होता.

त्याच सुमाराला जपानात हामामात्सु गावच्या शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावलं. त्याने तो उघडून बघितला आणि आपणच असा करू असं ठरवलं. हे १८८७ चं. आज दुकानात ज्या यामाहाचा डिजिटल पियानो तुमच्यासमोर ठेवतात, तो कारखाना या दुरुस्तीतून निघाला. पेटी आणि तो डिजिटल पियानो नात्याने दूरचे नाहीत, हे सासूबाईंना सांगायला हरकत नाही.

मराठी माणसाच्या कानात पेटी बसवली ती नाटकाने. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं वेड लागलं. पुढे पेटी ही त्या रंगमंचासमोरची हक्काची साथ झाली. गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादक; 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. हे नाटक १२ मार्च १९११ ला मुंबईत रिपन थिएटरात झालं. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात तर साथीला ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा. पदं ऐकून घरी आलेल्या माणसाला ती बोटांनी शोधून काढायची असायची, आणि त्याला पेटीसारखं वाद्य नाही. गुरूशिवाय, नुसत्या कानाने, एकेक पट्टी दाबत सूर सापडतो. पु. ल. देशपांडे जन्मले गावदेवीतले, आणि पेटीवरचं त्यांचं प्रेम सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

पण मैत्रिणींनो, हे सगळे पुरुष झाले. मुलींचं काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाणारी-वाजवणारी बाई म्हटलं की लोकांच्या मनात एकच चित्र यायचं आणि ते चांगलं नव्हतं. घरंदाज मुलीने गळा मोकळा करायचा तो ओव्यांत, आरतीत, मंगळागौरीत. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ साली त्याची शाखा मुंबईला आणली. वर्ग, वेळापत्रक, पुस्तकं, परीक्षा. गाण्याला शाळेचं रूप आलं, आणि शाळेत मुलीला पाठवायला बाप तयार होतो. १९२५ मध्ये बी. आर. देवधरांनी गिरगावात ऑपेरा हाउसजवळ स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केलं. १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं, आणि त्याच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना आजही आपल्या मुली बसतात. दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांचं वाद्यांचं दुकान १९२५ चंच. म्हणजे शिकायची सोयही झाली आणि पेटीही ट्रामच्या अंतरावर आली.

मग हळूहळू पेटी मुलीच्या लग्नाच्या बोलणीत शिरली. मुलगी दाखवताना "थोडी पेटी वाजवते" हे सांगायची पद्धत पडली. त्या वाजवण्याचं पुढे काय व्हायचं, ते आमच्यातल्या एकीच्या आजीकडून ऐकलं आहे. लग्नानंतर तिची पेटी सासरी फणसवाडीत आली आणि माळ्यावर गेली. दुपारी सगळे झोपले की ती खाली काढायची आणि भाता अगदी थोडा उघडून, आवाज ओठांतल्या ओठांत ठेवल्यासारखी वाजवायची. शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू गेलं तर बोलणी खावी लागायची. एका पट्टीचा सूर अडकायचा आणि हात काढला तरी वाजत राहायचा, तेव्हा जीव घशाशी यायचा, असं ती सांगायची. आम्ही परवा एका दुकानात डिजिटल पियानोला कानावर लावायचा हेडफोन जोडून बघितला. बाहेर पट्ट्यांची नुसती टकटक, आत सगळं संगीत. आमच्या मैत्रिणीला पटकन आजी आठवली आणि ती दुकानातच डोळे पुसायला लागली. विक्रेता मुलगा बिचारा घाबरला.

आता थोडं आपल्या रेडिओबद्दल, कारण यात रेडिओही निर्दोष नाही. मुंबईचं केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं, आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ही पेटी आवडत नसे. आक्षेप असा, की पट्टीवरचा सूर ठरलेला. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायची मींड तिच्यावर निघत नाही. आणि तिची लावणी पियानोची. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले, त्यामुळे गंधार आपल्या तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढाच लागतो. हा आक्षेप खोटा नव्हता. बंदीच्या कितीतरी आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवून घेतली होती, आणि आपल्या काळात मुंबईचे डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी तयार केली. पण घराघरांतली पेटी बारा सुरांचीच राहिली.

स्वातंत्र्यानंतरही बंदी उठली नाही. १९५२ ते १९६२ माहिती आणि प्रसारण मंत्री होते ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले पुण्याचे. त्यांनी तर सिनेमाची गाणीही रेडिओवरून घालवली, आणि लोक रेडिओ सिलोन लावून बसले. पेटीचंही तसंच. रेडिओवर ती नव्हती, पण ठाकूरद्वारच्या एकाही भजनी मंडळाने ती खाली ठेवली नाही. १९७१ पासून बंदी हळूहळू सैल झाली. तीस वर्षं सरकारने जिला परकी आणि बेसूर म्हटलं, तिला आज आमच्या मैत्रिणीच्या सासूबाई 'आपली' म्हणतात. आम्हाला हे फार आवडतं. आज जे मामा डिजिटलला खोटा म्हणतात त्यांनी हा हिशेब जरा बघावा.

सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सिनेमाच्या संगीतात विजेवरचा सिंथेसायझर आणला. १९८० मध्ये कॅल्क्युलेटर करणाऱ्या कॅसिओ कंपनीने पहिला कीबोर्ड काढला आणि काही वर्षांत आपल्याकडे कीबोर्ड या शब्दाऐवजी 'कॅसिओ'च रूढ झाला, वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसा. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात, शाळेच्या गॅदरिंगला कॅसिओ. १९८३ मध्ये यामाहाने क्लॅव्हिनोव्हा या नावाने घरात ठेवायचे विजेचे पियानो आणले. परदेशी मालाच्या आयातीवर तेव्हा निर्बंध होते, त्यामुळे सामान्य घरापर्यंत हे सगळं पोचलं ते १९९१ नंतर.

कीबोर्ड आणि डिजिटल पियानो यांत लोक गल्लत करतात, आणि खरी फसगत इथेच होते. आम्हीही त्यात पडलो आहोत, तेव्हा दोन घरच्या गोष्टी सांगतो.

आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी १९८३ साली जुना पियानो घेतला. कुठल्या दुकानातून, ते सांगत नाही. वरून पॉलिश नवं कोरं. जिन्यातून जाईना, म्हणून गॅलरीचे गज काढून दोरांनी वर ओढला आणि सगळी वाडी खाली उभी राहून बघत होती. पहिले सहा महिने स्वर्ग. दुसऱ्या पावसाळ्यात सूर उतरले. लावले, पुन्हा उतरले. शेवटी सूर लावणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आतली फळी दाखवली. तारांच्या खुंट्या ज्या लाकडात रुतलेल्या असतात, तेच तडकलं होतं. ते बदलायचा खर्च पियानोच्या किमतीएवढा. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. बेसूर पट्ट्यांवर वर्षभर वाजवलं आणि मग सोडून दिलं. पियानोवर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले. तिला आजही वाटतं की आपल्याला सूरच नव्हता. तसं काही नव्हतं. फळी तडकली होती.

दुसरीने ती चूक टाळली आणि मुलाला कीबोर्ड घेऊन दिला, ६१ पट्ट्यांचा, हलका, दोनशे प्रकारचे आवाज असलेला. पोरगा खूश. तीन वर्षं त्यावर शिकला आणि परीक्षेला गेला, तिथे खरा पियानो. त्याची बोटं पट्ट्या खालीच नेऊ शकेनात. निम्मे सूर वाजलेच नाहीत. कीबोर्डच्या पट्टीखाली स्प्रिंग असते, पियानोच्या पट्टीला हातोडीचं वजन असतं. बाहेर येऊन तो आईला म्हणाला, "मला वाटलं, पियानो बिघडलाय."

म्हणजे खरा पियानो घेऊनही मुलगी शिकायची राहिली, आणि विजेचं वाद्य घेऊनही मुलगा अडला. दोन्ही वेळा घरच्यांनी 'खरा की खोटा' हेच पाहिलं होतं. पाहायचं होतं ते वेगळंच.

डिजिटल पियानो म्हणजे चांगल्या पियानोचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून आत साठवलेला असतो. पट्टी किती वेगाने खाली गेली ते यंत्र मोजतं आणि त्याप्रमाणे आवाज लहानमोठा करतं. त्यात पट्ट्या पुऱ्या ८८ हव्यात, आणि मुख्य म्हणजे त्यांना हातोडीसारखं वजन हवं. क्रिस्तोफोरीची हातोडी ती हीच. तार नसली तरी चालेल, पण बोटाला ते वजन लागलंच पाहिजे. दुकानात विचारताना 'वजनदार पट्ट्या' असंच विचारा आणि मुलीला सोबत न्या. एकच पट्टी आधी मांजराच्या पावलासारखी आणि मग जोरात वाजवायला सांगा. फरक नीट ऐकू आला पाहिजे. खाली पायाने दाबायचं पॅडल हवं, आणि पक्कं स्टँड हवं. टीपॉयवर ठेवून वाजवलं की मनगटं बिघडतात. दोनशे आवाजांचं आमिष दाखवतील, तिकडे लक्ष देऊ नका. शिकणाऱ्याला एक आवाज पुरतो.

असा डिजिटल आज साधारण ४० ते ६० हजारांत येतो. नवा तारांचा उभा पियानो काही लाखांत जातो, शिवाय वर्षातून एकदोनदा सूर लावून घेणं आलंच. जुना स्वस्तात मिळाला तर आमची गोष्ट आठवा आणि सूर लावणाऱ्या माणसाला आधी घेऊन जा, वरचं झाकण उघडायला लावा.

तरी मामाचंही थोडं खरं आहे. चांगल्या लावलेल्या पियानोवर एक सूर वाजला की बाकीच्या तारा त्याला उत्तर देतात, लाकूड थरथरतं, ते पोटात जाणवतं. डिजिटल त्याची सावली दाखवतो. चार-पाच वर्षं नीट शिकलेल्या मुलाला तारांच्या पियानोवर नियमित बसता आलं पाहिजे, मग तो क्लासमधला असो नाहीतर शाळेतला. घरात कोरडी खोली आहे, तळमजला आहे, पैशांची ओढ नाही, अशा घराने तारांचाच घ्यावा. ठाकूरद्वारला अशी घरं किती, ते तुम्ही मोजा. आणि मुलीला गायचं असेल, वाजवणं गळ्याला आधार म्हणून हवं असेल, तर यातलं काहीच न घेता पेटी घ्यावी. मोबाइलवरचं ॲप मात्र कशातच धरू नका. काचेला वजन नसतं.

एक गोष्ट आम्हाला हेडफोनबद्दल खटकते. फणसवाडीच्या आजीला तो मिळायला हवा होता, यात शंका नाही. पण आज नऊ वर्षांच्या मुलीने रोज कान झाकून वाजवलं तर ती काय वाजवते ते घरात कोणालाच कळत नाही. पूर्वी चाळीत मुलगा पेटीवर चुकला की पलीकडच्या बिऱ्हाडातले काका ओरडून सांगत, "अरे, कोमल निषाद!" ते सगळ्यांना नको असेल. पण सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी हेडफोन काढून वाजवू द्या.

हे सगळं आम्ही आमच्या मैत्रिणीला सांगितलं. तिने ८८ पट्ट्यांचा डिजिटल घेतला. जिन्यातून दोन माणसांनी आणला, एक तिचा नवरा आणि दुसरा तोच मामा. तो आता पोटमाळ्याखाली आहे, वर चादर. गेल्या गुरुवारी आम्ही बघायला गेलो. सासूबाईंनी माळ्यावरची जुनी पेटी काढून ठेवली होती, भात्याला एक ठिगळ, बाकी ठणठणीत. आजी पेटीवर अभंग म्हणणार आणि नात पियानोवर साथ करणार, असा बेत होता. सुरू केलं आणि दोघी थांबल्या. दोन्ही वाद्यांवर एकच पट्टी दाबली तरी सूर जुळेना. आजींची पेटी किंचित चढी होती. जुन्या पेट्या ज्याच्या त्याच्या कानाने लावलेल्या असत, आणि आजचे पियानो ४४० च्या मापाने लावतात.

तारांचा पियानो असता तर तिथेच थांबावं लागलं असतं. पोरीने पुस्तिका काढली, दोन पट्ट्या आणि एक बटण दाबून माप एकेक अंकाने वर नेत गेली. ४४१, ४४२, ४४३. दर वेळी आजी पेटीची पट्टी दाबून मान हलवायच्या, नाही. ४४६ ला त्यांनी भाता मोकळा सोडला आणि अभंग सुरू केला.

शुक्रवारी क्लासचा गृहपाठ करायच्या आधी ते पुन्हा ४४० वर आणायचं, एवढं आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.